पिंजरा मागण्याआधी : आमच्या दिंडोशीकडची जुनी हकीकत



मंगळवारी भाताच्या बांधावरच्या पंजाचा फोटो टाकला होता. शेजारी आगपेटी ठेवली होती, म्हणजे माप कळावं. चार बोटं, मागे गादी, आणि नखाचा ठसा कुठेच नाही. कुत्र्याचा पंजा असता तर ओल्या चिखलात नखं उमटली असती. बिबट्या नखं आत ओढून चालतो. एवढी खूण लक्षात ठेवली तरी निम्मी घबराट कमी होते, कारण दहातले सात फोटो जे लोक मला पाठवतात ते कुत्र्याचेच असतात.

ह्या वेळी मात्र तोच होता. आणि फोटो टाकल्यापासून जुन्नर, शिरूर, संगमनेर, नाशिककडच्या बऱ्याच शेतकरी भावांचे निरोप आले. जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, पिंजरा लावून घ्या. आमच्या पाड्यातही दोन दिवस तेच चाललंय. रविवारी बैठक आहे. अर्जावर सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे द्यायचं म्हणतात, कारण पाड्यात माझं अक्षर बरं आहे. २००४ च्या जूनमध्येसुद्धा असाच अर्ज मीच लिहिला होता. त्याचं पुढे काय झालं ते आज लिहितो. लांबेल, पण भात कापणीला अजून चार दिवस आहेत, तेवढी सवड आहे.

दिंडोशी म्हटलं की लोकांना बस डेपो आठवतो, नाहीतर कोर्ट. बाहेरगावच्या माणसाला पटतच नाही की इथे कुणी शेती करतं. मालाड-गोरेगावच्या पूर्वेला हायवे ओलांडून आत आलं की इमारती, मग चाळी, मग एकदम डोंगर. एका बाजूला फिल्मसिटी, एका बाजूला आरे, आणि वर बोरिवलीचं जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याच्या पायथ्याशी ओढ्याकडेला आमची वीस-बावीस गुंठे. पावसाळ्यात भात, मांडवावर काकडी-शिराळी, हिवाळ्यात पालेभाजी. आम्ही वारली. जमीन कागदावर कुणाची हा विषय वेगळा आहे, त्यावर लिहायला बसलो तर बिबट्या राहून जाईल.

आता जुनी गोष्ट. वरच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराच्या वर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्षू राहायचे, दगडात टाकी खोदून पावसाचं पाणी साठवायचे. म्हणजे ह्या जंगलात माणूस कालपरवा आला असं नाही. साष्टी बेटावर इंग्रजांच्या काळापर्यंत पट्टेरी वाघसुद्धा होता. तेव्हाचं सरकार वाघ-बिबट्या मारणाऱ्याला इनाम द्यायचं. गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इथला पट्टेरी संपला. बिबट्या उरला, कारण त्याला थोडक्यात भागवता येतं. कोंबडी, कुत्रं, उंदीर, घूस, माकड, जे मिळेल ते. उसात राहतो, नाल्यात राहतो, आंब्यावर झोपतो.

जंगल कशामुळे वाचलं म्हणाल तर पाण्यामुळे. मुंबई शहराला पाणी हवं म्हणून इंग्रजांनी विहार तलाव बांधला, १८६० ला तो पुरा झाला. मग तुळशी तलाव, १८७९. तलावात स्वच्छ पाणी यायचं तर वरचा डोंगर राखायला हवा, तिथे घरं आणि तबेले होऊ द्यायचे नाहीत, हे तेव्हाच्या साहेबाला कळलं. वाघावर प्रेम वगैरे काही नव्हतं. पण पाण्यासाठी राखलेल्या रानात बिबट्या आयताच राखला गेला. पुढे त्या जंगलाला कृष्णगिरी म्हणत, मग बोरिवली नॅशनल पार्क, मग आताचं नाव. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त क्षेत्र आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढं रान जगात फारसं कुठे नाही.

मग आरे. १९४९ मध्ये सरकारने मुंबईतल्या गल्लीबोळांतले म्हशींचे तबेले बाहेर काढायचे ठरवलं. दारा खुरोडी म्हणून अधिकारी होते, त्यांचं हे काम. पुढे १९६३ ला त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजार एकरांच्या वर जमीन घेतली, तीसेक युनिटं बांधली, सोळा हजारांच्या आसपास म्हशी आणल्या. १९५१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हशींसाठी सांडपाण्यावर पॅरा गवत लावलं. आमचा आजा त्या गवताच्या कापणीला जायचा. तो सांगायचा, कंबरेएवढ्या गवतात विळा मारताना पुढून सळसळ झाली की सगळे थांबायचे, खोकायचे, आणि तिकडचा पट्टा सोडून दुसरीकडून कापायला लागायचे. त्याच्या तोंडी 'बिबट्या' हा शब्द नसायचाच. तो 'वाघोबा' म्हणायचा, नाहीतर नुसतं 'तो'.

पाड्याच्या वरच्या अंगाला झाडाखाली वाघोबाचा दगड आहे. शेंदूर लावलेला. आमच्याकडे वाघबारस असते, तुमची वसुबारस असते त्याच दिवशी, अश्विन वद्य द्वादशीला. नारळ, कोंबडं, नवा तांदूळ. मागणं एकच असतं, आमची गुरं-पोरं सांभाळ, आम्ही तुझ्या वाटेत येत नाही. शिकलेली पोरं हसायची, मीही हसलो आहे. पण २०२१ ला संशोधकांनी ह्याच्यावर एक निबंध छापला, त्यात महाराष्ट्रातल्या वारली भागात दीडशेच्या वर वाघोबाची ठाणी त्यांना सापडली असं लिहिलंय. त्यांचं म्हणणं, नुकसान झालं तरी माणूस जनावराचा सूड घ्यायला निघत नाही, त्यामागे हे नातं आहे. आजाला हे वाचून दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, ह्यात नवीन काय.

नवीन जे झालं ते खालच्या बाजूने झालं. १९७७ ला फिल्मसिटी आली. हायवेच्या अलीकडे वस्ती वाढत वाढत डोंगरावर चढली. जंगलाच्या हद्दीतच हजारो झोपड्या झाल्या. १९९५ ला ह्यावर हायकोर्टात याचिका झाली, १९९७ ला त्या हटवायचा आदेश आला. कोण चूक कोण बरोबर ह्यात मी पडत नाही, गरीब माणूस जिथे जागा मिळेल तिथे राहतो. शेतकऱ्याच्या नजरेने बघितलं तर एवढंच दिसतं की जिथे माणूस तिथे कचरा, कचरा तिथे कुत्री आणि डुकरं, आणि जिथे कुत्री तिथे बिबट्या. त्याला हाक मारायची गरजच नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो. १९९८ ते २००३ मी शेतीबरोबर कोंबडीविक्रीचं छोटं दुकान चालवलं. पिसं, आतडी, मुंडकी रोज संध्याकाळी पाटीत भरून ओढ्याच्या पलीकडे फेकायचो. घरापासून दीडशे पावलांवर. तिथे वीस-पंचवीस कुत्री जमायची. आजी म्हणायची, "तू रोज त्याला जेवायला बोलावतोस, आणि आला की ओरडतोस." मी म्हणायचो, आजी, पालिकेची गाडी इथवर येत नाही, मी काय डोक्यावर ठेवू?

२००२ पासून जंगलाच्या चारी बाजूंनी हल्ल्यांच्या बातम्या यायला लागल्या. बोरिवली, मुलुंड, पवई, ठाण्याकडची बाजू, आरे. २००४ चा जून सगळ्यात वाईट. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी गेल्याची बातमी. पुष्कळ वेळा लहान मूल, नाहीतर अंधारात शौचाला बसलेलं माणूस. बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसतच नाही, त्याच्या नजरेला ते छोटं जनावर असतं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. रात्री त्याला लघवीला लागलं तरी आम्ही दार उघडत नव्हतो, डबा ठेवायचो. ती भीती मी विसरलेलो नाही, म्हणून आज जे घाबरलेत त्यांना मी हसत नाही.

तर मी अर्ज लिहिला. त्रेसष्ट सह्या आणि अंगठे. पिंजरा आला, बकरू बांधलं, सहाव्या रात्री आत सापडली. मादी. आम्ही डबे वाजवले, पोरांनी काठ्या आत खुपसल्या. मी अडवलं नाही. तिचा वरचा एक सुळा अर्धा तुटलेला होता, आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, एवढं अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळी गाडी येऊन घेऊन गेली. आजी त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "ही आपली होती. आता कोण येईल ते आपल्याला ओळखत नसेल."

दीड महिन्याने दुसरा आला. आधीची कधी दारात आली नव्हती, हा आमच्या पडवीतून कुत्रं उचलून घेऊन गेला, तेसुद्धा संध्याकाळी साडेसातला, माणसं अंगणात असताना. आजीचं म्हणणं मला तेव्हा म्हातारीची बडबड वाटली. त्याचा अर्थ कळायला पुढची काही वर्षं गेली, आणि तो कळला तुमच्या जुन्नर-अकोल्याकडून.

जुन्नर वनविभागात २००१ पासून असंच मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर नेऊन सोडायचं काम झालं होतं. उसातून उचलायचे आणि सह्याद्रीच्या जंगलात सोडायचे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी त्याचा हिशेब काढला, तो २०११ मध्ये छापून आला. आधी जुन्नर भागात वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. पकडून सोडायचं सुरू झाल्यावर ते चौपटीने वाढले. आधी शंभरातले अठरा हल्ले जिवावर बेतायचे, नंतर छत्तीस. आणि जिथे नेऊन सोडले त्याच्या आसपासही हल्ले सुरू झाले, जिथे पूर्वी असं काही नव्हतं.

का, ते बैलाच्या उदाहरणाने सांगतो. बाजारातून नवीन बैल आणला की चार दिवस तो दावणीला स्थिर होत नाही, मारतो, दाव तोडून जुन्या गावाकडे पळायला बघतो. बिबट्याचंही तेच. त्याला आपला इलाखा पाठ असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं किती वाजता कुठून जातात, कुठून आपण गुपचूप निघायचं. त्याला पकडलं, चार दिवस लोकांनी पिंजऱ्याभोवती गलका केला, आणि मग अनोळखी डोंगरात सोडून दिलं. तो घाबरलेला, उपाशी, घरच्या दिशेने चालायला लागतो, वाटेत माणसंच माणसं. आणि इकडे त्याची रिकामी जागा आठ-पंधरा दिवसांत दुसरा घेतो, बहुतेकदा तरणा, अजून न शिकलेला. कधी कधी एका जागेसाठी दोघं-तिघं भांडत बसतात.

आमच्या बोरिवलीच्या जंगलातसुद्धा बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले जायचे. जंगल आहे ना, सोडा तिकडे, असा हिशेब. म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं पाणी आमच्या शेतात, आमचं दुसऱ्याच्या. २००४ च्या त्या गोंधळात बिबट्याला खायला मिळावं म्हणून जंगलात डुकरं आणि ससे सोडायचाही प्रयोग झाला. खाली माझ्यासारखे लोक रोज पाटीभर आतडी टाकत असताना वर ससे सोडून काय होणार होतं, तुम्हीच सांगा.

ह्याच काळातली एक हकीकत आमच्या आणि तुमच्या गावाला जोडणारी आहे. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं, गळ्यात उपग्रहाचा पट्टा बांधला, कातडीखाली चिप बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्कर आणि शांत म्हणून त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. हा आजोबा चालत निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वे, आग्रा रोड, गावं, कारखाने, वसईची खाडी पोहून पार, असं करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून तो आमच्या ह्या जंगलात पोचला. वाटेत एकाही माणसाला त्याने ओरखडा काढला नाही. बहुतेकांना तो गेल्याचं कळलंही नाही. २०११ च्या शेवटी मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेने मेला, चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर सुजय डहाके यांनी 'आजोबा' नावाचा सिनेमा केला, २०१४ ला आला. मी तो आमच्या घरच्या मंडळींना घेऊन बघितला. बायकोला सिनेमा संथ वाटला, पण खाडी पोहण्याचं ती अजून सगळ्यांना सांगते.

विहिरीवरून आठवलं, ज्यांच्या विहिरीला कठडा नाही त्यांनी तो बांधून घ्या. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबटे, तरस, कोल्हे पडतात, आणि बिबट्या विहिरीत पडला की दोन-पाच हजारांची गर्दी तुमच्या उभ्या पिकातून फिरते. नुकसान विहिरीपेक्षा त्या गर्दीचं जास्त.

अकोले तालुक्यातही विद्याताईंनी कॅमेरे लावून मोजणी केली होती, २०१३ ला छापली. जंगल नाही, नुसता ऊस, मका, टोमॅटो, आणि चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. तिथे शंभर चौरस किलोमीटरला पाच मोठे बिबटे आणि तेवढेच तरस निघाले. विष्ठा तपासली तेव्हा खाण्यात सगळ्यात जास्त काय, तर कुत्री, शंभरातला जवळजवळ चाळीसचा वाटा. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट असूनही शेळीचा वाटा दहा-अकराच. कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं. माझ्या मते ह्या सगळ्या अभ्यासातलं शेतकऱ्याच्या कामाचं वाक्य एवढंच आहे.

२०११ मध्ये वनखात्याने इथे 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' नावाचं काम सुरू केलं. उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये, विद्याताई, आणि शहरातले बरेच हौशी लोक. पोलीस, पत्रकार, शाळा, सोसायट्या, पाडे, सगळीकडे जाऊन बोलले. आमच्याकडेही आले. पहिल्या दिवशी मी मागे उभा राहून खवचट प्रश्न विचारले. म्हटलं, साहेब, तुम्ही टॉवरमध्ये राहता. त्यांच्यातल्या एका पोराने उलट विचारलं, "काका, ओढ्यापलीकडे ही हाडं कुणाची?" दुकान तोवर बंद झालं होतं, पण जागा तीच, आता दुसरे टाकत होते. मला खाली बघावं लागलं.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावायचा नाही. कचरा वस्तीपासून उचलायचा, सार्वजनिक संडास नीट करून त्याच्या वाटेवर दिवा लावायचा, अंधार पडल्यावर मूल एकटं सोडायचं नाही, रात्री निघताना मोबाईलवर गाणी लावायची. दिसला तर गर्दी करायची नाही, त्याला निघायला वाट द्यायची. त्यातला संडासाचा दिवा आमच्या पाड्यात वर्गणी काढून लागला. तीनशे चाळीस रुपये माझे. आयुष्यात इतके कामाचे तीनशे चाळीस रुपये मी दुसरीकडे कुठे घातले नसतील.

त्यानंतर बरीच वर्षं ह्या बाजूला फार शांत गेली. आणि बिबटे कमी झाले म्हणून नव्हे. २०१५ च्या मोजणीत उद्यान आणि आसपास मिळून ३५ निघाले, २०१८ ला ४७, आणि अलीकडच्या मोजणीत ५४. इतक्या लहान जागेत इतके बिबटे जगात क्वचितच असतील. २०१८ च्या एका शोधनिबंधात अंदाज मांडलाय की हे बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे हजारेक माणसं कुत्रा चावण्यापासून वाचतात. अंदाजच आहे तो, पण रेबीजच्या इंजेक्शनसाठी पहाटेपासून रांग लावलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल.

सगळं गोड आहे असं मात्र मी लिहिणार नाही. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत लागोपाठ हल्ले झाले. एका वयस्कर बाईंनी हातातल्या काठीने बिबट्या परतवला, तो कॅमेऱ्यात आलेला प्रसंग तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितला असेल. नंतरच्या वर्षी ऐन दिवाळीत आरेत एक वर्ष-सव्वा वर्षाची मुलगी गेली. मी अंत्यविधीच्या दिवशी तिकडे गेलो होतो. तिथे उभं राहून मी कुणाला इतिहास सांगितला नाही, आणि कुणी सांगितला असता तर मलाही राग आला असता. तेव्हा पिंजरे लागले, ते लागायलाच हवे होते. माणसावर हल्ला करणारा ठराविक बिबट्या ओळखून काढणं आणि बांधावर पंजा दिसला म्हणून कुठलाही एक उचलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझा विरोध कधीच नाही. त्या २०२१ मध्येच इथल्या काही बिबट्यांना गळ्यात पट्टे बांधले, सावित्री, महाराजा अशी नावं दिली, म्हणजे ते रस्ते कुठे आणि कधी ओलांडतात ते कळावं. आता डोंगराखालून गोरेगाव-मुलुंडचे बोगदे चाललेत, तेव्हा ही माहिती लागेलच.

तिकडे देशाचा आकडा बघितला तर २०२२ च्या मोजणीत १३,८७४ बिबटे, महाराष्ट्रात १,९८५. बरेच जण म्हणतात एवढे आहेत तर हा कसला दुर्मिळ प्राणी. पण आफ्रिकेपासून रशियापर्यंत जिथे जिथे तो होता त्यातल्या फार मोठ्या भागातून तो गेलाय, म्हणून जागतिक यादीत तो धोक्यातल्यात धरलाय आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. फास लावला, विजेची तार टाकली, तर जेल. ह्या राज्यात तो टिकलाय तो बऱ्याच अंशी आपल्यासारख्यांच्या शेतात. उसाच्या तोडणीत पिल्लं सापडली तर ती उचलून घरी न आणता टोपलीखाली तिथेच ठेवून वनखात्याला कळवणारे शेतकरी जुन्नरकडे कितीतरी आहेत. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक येतात, संध्याकाळी त्याच जागी पिल्लं ठेवतात, रात्री आई येऊन घेऊन जाते. ती पिल्लं न मिळालेली आई त्या शिवारात किती बिथरते हे तिकडच्या तोडणी कामगारांना विचारा.

आता घरातलं. सून म्हणते, "बाबा, तुमचा इतिहास तुमच्यापाशी ठेवा. माझं पोर तीन वर्षांचं आहे." तिचं चूक नाही. २००४ ला मीही तेच म्हणत होतो, आणि माझंही चूक नव्हतं, उपाय चुकला होता. तिला मी म्हटलं, रविवारपर्यंत दे. तोवर जे हातात आहे ते करतो.

बुधवारी शेळ्यांचा गोठा बंद केला. आधी तीन बाजूंनी कूड आणि वर नुसता पाला होता. गेल्या वर्षी वरूनच उतरून त्याने एक शेळी नेली. तेव्हाही चूक माझीच, अर्धवट खाल्लेली शेळी वास येईल म्हणून मी सकाळी पुरून टाकली, पंचनामा झालाच नाही, भरपाईचा एक रुपया मिळाला नाही. लक्षात ठेवा, मेलेलं जनावर हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. १९२६ हा त्यांचा फुकटचा नंबर आहे. आता चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा जाड वेल्डमेश लावली, दाराला आतून-बाहेरून कडी. सगळं मिळून सव्वासहा हजार गेले. एक शेळी ह्याच्या दुप्पट भावाला जाते.

गुरुवारी अंगणाच्या कडेचं घाणेरीचं रान विळ्याने साफ केलं, घरापासून पंधरा पावलं मोकळी. शुक्रवारी मुलाने संडासाच्या वाटेवरचा गेलेला दिवा बदलला. तो दोन महिने गेलेला होता आणि पाड्यात एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट. ओढ्यापलीकडे परत कोंबडीचा कचरा पडतोय, तो टाकणाऱ्या पोराला भेटलो. ओळखीचाच आहे, माझ्यासारखाच अडलेला. त्याने जे उत्तर दिलं ते शब्दाला शब्द माझं १९९९ चं उत्तर होतं. शेवटी ठरलं की तो बंद डब्यात भरून ठेवेल आणि माझा मुलगा भाजी घेऊन टेम्पोने खाली जातो तेव्हा नाक्यावरच्या मोठ्या कुंडीपर्यंत नेऊन टाकेल. मुलगा नाक मुरडत तयार झालाय.

रविवारी बैठकीत मी अर्ज लिहिणार आहे. पण पिंजऱ्याचा नाही. कचऱ्याची गाडी ओढ्यापर्यंत यावी आणि आणखी तीन दिवे मिळावेत म्हणून. त्यावर सह्या किती होतील सांगता येत नाही. सुनेने अजून सही करते म्हटलेलं नाही, पण काल गोठ्याची कडी तिने स्वतः दोनदा ओढून बघितली.

वाघबारस पुढच्या आठवड्यात आहे. दगडाला शेंदूर लावायचं काम ह्या वर्षी नातवाकडे दिलंय. गरव्या भाताचे फोटो सोमवारी टाकतो, खालच्या खाचरात करपा थोडा दिसतोय, कुणी काय फवारलं ते कळवा.